अंडीचोराचं पिल्लू

बहनजी,

काल मी तो सिनेमा पाहिला. शेवटपर्यंत पाहिला, आणि या वेळी टीव्हीच्या पुढे कुणी उभं नव्हतं. संपल्यावर उठले, मोरीत गेले आणि चूळ भरली. काही खाल्लेलं नव्हतं, तरी तोंड खराब झालं होतं. ‘किळस’ शब्दाचा वाक्यात उपयोग करा असं मी मुलांना सांगते तेव्हा पोरं पाल लिहितात, नाहीतर झुरळ. काल मला कुणी सांगितलं असतं तर मी तुम्हाला लिहिलं असतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, आणि तुम्ही तर माझ्या गुरू. सौंसरच्या शाळेत तिसरी ते पाचवी तुम्ही मला शिकवलंत. तुमच्यामुळे पुढे शिकले, मास्तरीण झाले, आज पांढुर्ण्यात मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसते. हे सगळं खरं आहे. ते खरं नसतं तर मी चूळ भरून मोकळी झाले असते, हा कागद घेऊन बसले नसते.

माझ्या भावाची मुलगी सहा वर्षांची आहे. ती माझ्याकडे येऊन झोपते आणि रोज गोष्ट मागते. मी तिला कित्येकदा त्या पिच्चरची गोष्ट सांगितली आहे, आमच्या बहनजींनी बालदिनाला दाखवलेला, माणसं जन्मायच्या आधीच्या जनावरांचा कार्टून पिच्चर. काल तिच्या बापाने तो कुठूनसा शोधून टीव्हीवर लावून दिला, आता तो हिंदीत आहे. पोरगी ओरडली, “आत्या, तुझा वाला पिच्चर!” मी हातातली भाजी तशीच टाकून आले. लाल शेपटीचं ते पिल्लू दिसलं आणि मी ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं, तुमच्या आठवणीने आलं, हे आधी लिहून ठेवते. दीड तासाने ते पाणी कुठे गेलं मला माहीत नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते, कारण तुम्ही जी सांगितली ती आणि ही एक नाही. तळं आटतं. सगळी जनावरं पाण्याच्या शोधात निघतात आणि त्या गडबडीत दोन पिल्लं मागे राहतात. एक लांब मानेचं, पाला खाणारं, अंगाने थोराड आणि मनाने भित्रं. दुसरं लाल शेपटीचं, दोन पायांवर तुरुतुरु पळणारं. लांब मानेवाल्यांचा असा समज की ही लाल शेपटीवाली जात आपली अंडी चोरते, म्हणून दिसलं की लाथाडायचं. पण आता दोघांचंही कुणी नाही, तेव्हा दोघं एकमेकांना धरून चालतात. लांब मानेचं उंचावरून वाट पाहतं, लाल शेपटीचं जमिनीतून ओल शोधतं. शेवटी नदी लागते. या काठावर एकाचा कळप, त्या काठावर दुसऱ्याचा. दोघं आपापल्या आईकडे धावतात.

तुमची गोष्ट इथे संपली होती. सिनेमा इथे संपत नाही, बहनजी.

तुमची मुलगी आणि मी एका टाटपट्टीवर बसत होतो. तिला स्वतःच्याच आईच्या वर्गात बसायचा कंटाळा होता आणि मला तिचं फार कौतुक होतं, कारण तिला भीती नव्हती. शाळा सुटली की ती मला ओढत तुमच्या घरी न्यायची. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. उलट गावभर तुमचं नाव त्यासाठी होतं. बोरगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाची आणि संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या आईची, आमच्या मोहल्ल्यातली पोरगी तुमच्या चुलीपर्यंत येते, तुमच्या ताटात जेवते, तुमच्या हातचं तूप खाते, हे तुम्ही लपवलं नाही. आलेल्या-गेलेल्यांना तुम्ही मला दाखवायच्या. “ही पाहा, आमच्या वर्गातली पहिली. हिच्यात अन् माझ्या पोरीत मी फरक नाही करत.” मी मान खाली घालून हसायची. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे मला चौथीत शिकवलं होतं, तुम्हीच शिकवलं होतं, पण तो दात आपणच असू असं कुणाच्या मनात येतं?

मग तो दसरा आला. आमचे लोक त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीला जातात. आम्हीही गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत आलो. दुपारी तुमची मुलगी आमच्या दारात उभी. एकटी. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांना हाकलत, विचारत विचारत आली होती. फ्रॉकच्या ओच्यात आपट्याची पानं. माय चुलीपुढून गडबडीने उठली. “आम्ही दसऱ्याचं सोनं नाही घेत, पोरी,” ती म्हणाली, आणि मग लगेच, “पण तू एवढ्या दुरून घेऊन आली तं दे बाई.” तुमच्या मुलीने पानं मायच्या हातात ठेवली आणि वाकून पाया पडली. दसऱ्याला मोठ्यांच्या पाया पडायचं असतं, एवढंच तिला माहीत. मायच्या पाया त्या आधी घरच्यांशिवाय कुणी पडलं नव्हतं. ती मागेच सरकली. मग तिने खीर केली, पुऱ्या तळल्या, वांग्याची भाजी सकाळचीच होती. तुमची मुलगी आमच्यात मांडी घालून जेवली, खिरीची वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. मायने ती पानं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. त्या घराला गिलावा करेपर्यंत ती तिथे होती.

आणि हे तुम्हाला मीच सांगितलं. कुणी चुगली केली नाही. तुम्ही पोळ्या लाटत होतात, मी पाटावर बसून भागाकार करत होते, तुमची मुलगी बाहेर झोपाळ्यावर. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. तुम्ही मला तुमच्या घरी जेवू घालता, आता आम्ही तुमच्या मुलीला घातलं, फिट्टंफाट झाली, आता आपण सारखे झालो, अशी काहीतरी दहा वर्षांच्या पोरीची अक्कल. मी म्हणाले, “बहनजी, ती आमच्या घरी आली होती. जेवली बी. अन् माह्या मायच्या पाया पडली.”

तुमचं लाटणं थांबलं.

“पाया पडली?” तुम्ही विचारलंत.

“हो नं. वाकून पडली.”

“अन् जेवली काय?”

“खीर-पुरी. खीर दोनदा घेतली.”

तव्यावरची पोळी जळाली. घरभर वास सुटला. तुम्ही ती चिमट्याने उचलून बाजूला टाकली, दुसरी भाजली, तिला नेहमीपेक्षा जास्त तूप लावलं आणि माझ्या ताटात वाढली. “जेव,” म्हणालात. आवाज तोच, गोड. रागावला असतात, आमच्या घराविषयी घाण बोलला असतात, तर मी रडत घरी गेले असते आणि मायने मला कुशीत घेऊन काय ते समजावलं असतं. तुम्ही तूप लावलंत. पस्तीस वर्षं मी ते तूप प्रेम म्हणून आठवत आले. मी तुमच्या ओट्यावर यावं, खावं, शिकावं, तुम्हाला नमस्कार करावा, हे सगळं चालत होतं. तुमच्या मुलीने आमच्या ओट्यावर यावं, खावं आणि नमस्कार करावा, हे चाललं नाही. द्यायला तुमचा हात मोठा होता, घ्यायला तो उघडलाच नाही. यापेक्षा तोंडावर हाकलणारे परवडले. त्यांचं निदान कळतं तरी.

महिन्याभराने बालदिन आला. तुम्ही वर्गात जाहीर केलंत की पिच्चर दाखवणार. तुमच्या भावाने कुठूनतरी इंग्रजी कॅसेट मिळवली होती आणि तुम्ही ती दिवाळीत नागपूरला त्याच्याकडे दोनदा पाहून आला होतात. पांढुर्ण्यात लग्नात टीव्ही-व्हीसीआर भाड्याने देणारा एक जण होता, त्याने दोन्ही पेट्या गादीत गुंडाळून सौंसरला आणल्या. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. तीन वर्गांची पोरं एका खोलीत कोंबली. प्रत्येकाला एकेक संत्रं दिलं होतं. आमच्या मायने तोडलेल्या बागेतलंच असेल ते. साऱ्या खोलीत सालींचा वास, मध्येच कुणीतरी साल दाबून दुसऱ्याच्या डोळ्यात रस उडवायचा आणि रडारड व्हायची. तुमची मुलगी आणि मी सगळ्यात पुढे, टीव्हीच्या अगदी बाजूला, माना तिरप्या करून बसलो होतो. चित्रात मुंग्या यायच्या, मध्येच आडव्या रेघा यायच्या. मागच्यांना तर रंगांशिवाय काही दिसत नसावं.

इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून तुम्ही टीव्हीजवळ छडी घेऊन उभ्या राहिलात आणि कोण काय म्हणतं ते आम्हाला सांगू लागलात. काय सांगितलंत! आजही सांगते, इतकी चांगली गोष्ट सांगताना मी कुणाला ऐकलं नाही. लांब मानेच्या आजीला तुम्ही आपल्या बाजारात बसणाऱ्या म्हातारीचा आवाज दिला होता. “काहून रे पोट्टे हो, पाणी का तुमच्या बापानं भरून ठेवलं?” पोरं लोळत होती. लाल शेपटीवाल्याला तुम्ही नाव दिलंत अंडीचोर. अंडीचोराचं पिल्लू. काल मी कान देऊन ऐकलं. सिनेमात त्याला स्वतःचं नाव आहे, गोंडस, दोन अक्षरी. ‘चोर’ त्याला फक्त ती लांब मानेची म्हातारी म्हणते, आणि तेही एकदाच, आणि नंतर त्याची माफी मागते. तुम्ही दीड तास म्हटलंत. आणि मी हसत होते, सगळ्यात पुढे बसून, संत्र्याची फोड तोंडात धरून.

मग नदी आली. दोघं आपापल्या काठाला, आपापल्या आईकडे. तेव्हा तुम्ही दोन पावलं पुढे झालात आणि टीव्हीच्या समोर उभ्या राहिलात, पाठ टीव्हीला, तोंड आमच्याकडे. चष्मा काढलात, पदराने डोळे टिपलेत. तुम्ही म्हणालात, “पाहा पोरांनो. किती दोस्ती होती त्यांची. एकमेकांसाठी जीव दिला असता. पण घर आलं तसे ते काय बोलले? लांब मानेचं बोललं, तू आपल्या कळपात जा, मी माझ्या कळपात जातो. दुरून आठवण काढू. एकमेकांच्या घरात घुसलो तं तुझी बी आई रडेल अन् माझी बी. खरा दोस्त तोच, ज्याला आपली जागा समजते.” मागे कुणीतरी मुसमुसलं. अन् हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे पाहत होतात.

तेवढ्यात तुमची मुलगी ओरडली. आम्ही दोघी तिरप्या बसलो होतो, तुमच्या कमरेच्या बाजूने आम्हाला टीव्ही दिसत होता. “आई, ते वापस आले! पाहा नं मागं, ते दोघं पाण्यात आले! अंडीचोर त्याच्या मानेवर चढला!” तुम्ही वळला नाहीत. हात मागे नेऊन खटका बंद केलात आणि मग तिचा कान धरला. सगळ्यांसमोर. “खोटं बोलतेस? एवढ्या लेकरांचा पिच्चर खराब करतेस?” ती “दिसलं, मला दिसलं” करत राहिली, तिचा कान लाल झाला, आणि तुम्ही तिला दाराबाहेर उभं केलंत. त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव खोटारडी ठेवलं. पाचवी संपेपर्यंत तेच. खोटारडी आली, खोटारडी गेली. मग तुम्ही तिला मामाकडे नागपूरला शिकायला पाठवून दिलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एकटीला बोलावून एक कंपासपेटी दिलीत. निळी, पत्र्याची, आत आरशासारखा चकाकणारा परकार. “हुशार पोरींना लवकर समजते,” म्हणालात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. मला समजलं होतं. मी तुमच्या घरी जाणं बंद केलं. तुम्ही कधी विचारलं नाही, ‘काहून येत नाहीस गं.’ तुमची मुलगी दुसऱ्या टाटपट्टीवर जाऊन बसली. घरी मी मायला पिच्चरची गोष्ट सांगितली, तुमच्याच शब्दांत, हातवारे करून. माय तुरी पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आपापल्या कळपातच जायचं होतं तं मंग एवढ्या दूर संगं चालले काहून?” मी तिला म्हणाले, “तुला नाही समजत माय. बहनजींनी सांगितलं.” अडाणी आई आणि शिकलेल्या बहनजी. चौथीतल्या पोरीने कोणाची बाजू घ्यावी? मायने सूप आपटलं आणि उठून गेली.

यानंतरचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. मी शिकले, तुम्ही माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहिल्यात, कॉलेजात ओळख काढलीत, नोकरी लागली तेव्हा जामसांवलीच्या हनुमानाला तुम्ही नारळ फोडून आलात. ते सगळं मी मानते. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत शोकसभा झाली आणि बोलायला मला उभं केलं. मी ती गोष्ट सांगितली. टीव्ही, सतरंज्या, संत्री, अंडीचोर, आणि शेवटी तुमचं ते वाक्य, खरा दोस्त तोच. लोकांनी डोळे पुसले. तुमची मुलगी पहिल्या रांगेत होती, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. जाताना ती माझ्याजवळ थांबली. त्या बालदिनानंतर ती माझ्याशी बोललेलं तेवढंच एक वाक्य. “तू अजून तेच सांगून राहिली का गं?” मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले. वर पाहिलं तेव्हा ती गेली होती.

मी तेच सांगत राहिले. पंचवीस वर्षं, दर बालदिनाला, दर वर्गाला. आणि मागच्या थंडीत तर मी कहर केला. माझ्या शाळेत दोन पोरी डबे बदलून खायच्या. एकीची आजी तक्रार घेऊन आली. काय तक्रार ते तिने सरळ सांगितलं नाही, “त्या पोरीच्या डब्यानं हिचं पोट बिघडते,” म्हणाली. कुठलं पोट आणि कसलं बिघडणं, हे मला कळायला नको? बौद्धांच्या घरातली मुख्याध्यापिका मी. मला कळलं. आणि मी काय केलं, तर दोघी पोरींना बोलावून मांडीशी घेतलं आणि गोष्ट सांगितली. तुमचाच आवाज काढून. शेवटी डोळेही टिपले. दुसऱ्या दिवशी त्या वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. भांडण नाही, तंटा नाही, आजी खूश. मला वाटलं, कसं गोडीगुलाबीने मिटवलं. गुरूची विद्या म्हणतात ती हीच. तुम्ही मला भागाकार शिकवला, शुद्धलेखन शिकवलं आणि हेही शिकवलंत, की माणसं तोडायची तर शिव्या देऊन नाही, तूप लावून.

काल टीव्हीवर नदी आली. दोघं आपापल्या आईकडे गेले. मी पोरीला जवळ घेतलं, म्हटलं, आता रडू येईल बरं का. आणि ती दोन पिल्लं थांबली. मागे वळली. दोन्ही काठांवरची मोठी जनावरं ओरडत असताना ती दोघं पाण्यात उतरली, मध्यावर भेटली, आणि लाल शेपटीचं लांब मानेवर चढून बसलं. मग एकेक करून मोठी जनावरं पाण्यात आली, ती म्हातारीसुद्धा. एवढाच शेवट. पोरीने माझ्याकडे पाहिलं. “आत्या, तू तर सांगतेस ते वेगळे होतात. तू काहून खोटं सांगते?” ती रागावली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, “आमच्या बहनजींनी तसं सांगितलं होतं.” हे उत्तर देऊन मी मोरीत गेले.

चूळ भरताना वाटलं, आता तुम्हाला सगळं लिहून काढावं. लिहिलं. तुमचा खोटेपणा लिहिला, तुमचं तूप, तुमची छडी, मुलीचा पिरगाळलेला कान. पण वर एका जागी मी घाईने पुढे गेले आहे, ते वाचून पाहताना मला दिसतं आहे. तुमची मुलगी ओरडली आणि तुम्ही तिचा कान धरलात, यांच्यामध्ये थोडा वेळ गेला होता. तुम्ही लगेच नाही धरला. खटका बंद केल्यावर तुम्ही आधी माझ्याकडे वळलात. सगळी खोली बघत होती. तुम्ही म्हणालात, “तू सांग. तू पुढंच बसून आहे नं. आले का ते वापस?” तुमचा आवाज थोडा कापत होता. त्या क्षणी तुमचं सगळं माझ्या हातात होतं, आणि तुमच्या मुलीचंही. ती माझ्याकडे पाहत होती. तिला खात्री होती. दसऱ्याला कुत्री हाकलत माझ्या घरी आली होती ती पोरगी. मी म्हणाले, “नाही बहनजी. नाही आले.”

कान तुम्ही त्यानंतर धरलात. कंपासपेटी त्याचीच होती. ती अजून माझ्या कपाटात आहे, परकार गंजला आहे.

तेव्हा किळस सगळी तुमचीच आहे असं नाही. हे पत्र खरं म्हणजे तुमच्या मुलीला लिहायला हवं. तिचा पत्ता शोकसभेच्या वहीत होता, मी तो तेव्हाच उतरवून घेतला होता, मला तो पाठ आहे. पण मेलेल्या माणसाला रागावून लिहिणं सोपं जातं, ते उलटून विचारत नाही. तुमच्याकडे हे पत्र जाणार नाही, आणि तिच्याकडे पाठवायची हिंमत आज तरी नाही. उद्या शाळेत जाऊन त्या दोन पोरींना मात्र बोलावणार आहे. तेवढं करीन.

आणि तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर. आले होते, बहनजी. दोघंही वापस आले होते. मला दिसलं होतं.